वितरित संगणनातील प्रोसेसर व कार्यवाटपाच्या मर्यादा : एक चिकित्सा

गोषवारा

अनेक संगणकांनी मिळून करावयाच्या कामांचे वाटप करणारी आज्ञावली, म्हणजेच शेड्यूलर, हा वितरित संगणनाचा कणा होय. एका वापरकर्त्याला एकाच वेळी किती प्रोसेसर मिळावेत, त्याची किती कामे चालावीत, किती कामे रांगेत असावीत आणि एक काम किती वेळ चालावे, यांवर शेड्यूलर मर्यादा घालतो. या मर्यादांकडे निव्वळ तांत्रिक नोंदी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेची चिकित्सा केली असून, प्रत्येक मर्यादेमागे कार्यक्षमतेचा एक आणि न्यायाचा एक असे दोन वेगळे हेतू असतात आणि त्यांची गल्लत झाल्यास दोन्ही हेतू फसतात, असे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी संगणकशास्त्रातील प्रस्थापित सिद्धान्तांबरोबर महाराष्ट्रातील महासंगणन आणि पाणीवाटप यांचे अनुभव विचारात घेतले आहेत.

बीजसंज्ञा : वितरित संगणन, शेड्यूलर, प्रोसेसर-वाटप, न्याय्य वाटा, पाणी पंचायत

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी सर्वत्र परिचित आहे. दौंड–कुर्डुवाडी–सोलापूर लोहमार्गावरील एक स्थानक म्हणूनही ते ओळखले जाते. या मार्गाचा मोठा भाग २०१० च्या दशकातही एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरून येणारी गाडी पोहोचेपर्यंत दुसरीने स्थानकात बाजूच्या रुळावर थांबावयाचे, हा नियम प्रवाशांच्या अंगवळणी पडलेला असतो. गाडीला ‘क्रॉसिंग’ आहे, एवढे ऐकले की प्रवासी खाली उतरून चहा पितात.

या साध्या नियमात संगणकशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना दडलेली आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात, एकाच साधनावर अनेक प्रक्रियांनी एकदम हक्क सांगू नये यासाठी जी युक्ती मांडली, तिला त्यांनी रेल्वेच्या हात-सिग्नलवरून ‘सेमाफोर’ हे नाव दिले. टप्पा मोकळा असेल तर पुढे जावे, नसेल तर थांबावे, हेच त्याचे सार. टप्प्यात एकाऐवजी दहा जणांना परवानगी असेल तर सेमाफोरचा आकडा दहा होतो, इतकाच फरक. आजच्या शेड्यूलरमध्ये ‘एका वेळी दहापेक्षा अधिक कामे चालवू नयेत’ अशी जी अट घातली जाते, ती याच कल्पनेची वंशज होय.

एकेरी मार्ग आणखी एक गोष्ट शिकवतो. स्थानकातील सर्व रूळ गाड्यांनी भरले आणि दोन्ही बाजूंनी आणखी गाड्या सुटल्या, तर कोणालाच पुढे सरकता येत नाही. म्हणून मर्यादा केवळ टप्प्यावर असून भागत नाही, मागच्या स्थानकातून गाडी सोडतानाच ती लागू करावी लागते. चालवण्याची मर्यादा आणि प्रवेशाची मर्यादा या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

२. मर्यादांचे स्वरूप

महासंगणकाची किंवा संगणक-समूहाची कल्पना सामान्यतः एका अवाढव्य यंत्राची असते. प्रत्यक्षात तो शेकडो वा हजारो संगणकांचा समूह असतो आणि त्याच्या दाराशी रांग असते. वापरकर्ता आपले काम थेट चालवीत नाही. ‘अमुक इतके प्रोसेसर, इतकी मेमरी, इतका वेळ’ अशी मागणी नोंदवून तो रांगेत उभा राहतो. नासाच्या एम्स केंद्रात १९९० च्या दशकात विकसित झालेली पीबीएस, अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ पासून घडत गेलेली स्लर्म आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात सुरू झालेली व २०१२ पासून एचटीकाँडोर म्हणून ओळखली जाणारी काँडोर या प्रणाली अशा रांगांचे व्यवस्थापन करतात. भारतातील राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली उभारलेल्या परम मालिकेतील यंत्रांवरही स्लर्मचा वापर होत आला आहे.

या प्रणालींतील मर्यादांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिली, एका वापरकर्त्याच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या. दुसरी, त्याने रांगेत ठेवलेल्या एकूण कामांची संख्या. तिसरी, त्याच्या सर्व कामांनी मिळून व्यापलेले प्रोसेसर व मेमरी. चौथी, एका कामाची कमाल मुदत. स्लर्ममध्ये पहिल्या दोहोंसाठी स्वतंत्र अटी आहेत, ही बाब लक्षणीय आहे. एकाच कामाच्या हजार आवृत्त्या चालवावयाच्या असतील तर त्यांपैकी एका वेळी केवळ दहाच चालाव्यात, अशी अट वापरकर्ता स्वतःवरही घालून घेऊ शकतो. सामायिक फाइल-व्यवस्थेवर किंवा मोजक्या परवान्यांच्या सॉफ्टवेअरवर ताण येऊ नये यासाठी असा आत्मसंयम उपयोगी पडतो. एचटीकाँडोरमध्ये तर प्रोसेसर सोडून अशा सामायिक साधनांवरच समवर्ती मर्यादा घालण्याची सोय आहे.

जगभरच्या घरगुती संगणकांवर चालणाऱ्या बोइंक या प्रणालीत हाच प्रश्न लहान प्रमाणात दिसतो. बर्कली येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ या उपक्रमाच्या अनुभवातून ती आकारास आली. यात संगणकाच्या मालकाला दोन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या ठरविता येतात : एकूण प्रोसेसरांपैकी किती वापरावेत आणि प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरावा. पहिल्या अटीने काही प्रोसेसर पूर्ण मोकळे राहतात, तर दुसरीने सर्वच प्रोसेसर थांबत-थांबत चालतात. शिवाय एका प्रकल्पाची एका वेळी किती कामे चालावीत, हेही ठरविता येते. मात्र काम चालविण्यावर मर्यादा घातली आणि सर्व्हरकडून काम आणण्याच्या निर्णयाने तिची दखल घेतली नाही, तर संगणकात कामांचा ढीग साचतो आणि त्यांच्या मुदती उलटतात. एका बाजूला मर्यादा पाळली जाते, दुसऱ्या बाजूला तिचा हेतूच पराभूत होतो. रूळ भरलेल्या स्थानकाकडे गाड्या सोडत राहण्यासारखाच हा प्रकार होय.

३. कार्यक्षमतेचा युक्तिवाद

अधिक प्रोसेसर दिले की काम तितक्याच पटीने लवकर संपते, हा समज सार्वत्रिक आहे. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम या समजाचे निराकरण करतो. एखाद्या कामाचा केवळ ५ टक्के भाग एकापाठोपाठ एक असाच करणे भाग असेल, तर १६ प्रोसेसरांवर ते सुमारे ९.१ पट वेगाने होते, ६४ प्रोसेसरांवर सुमारे १५.४ पट आणि २५६ प्रोसेसरांवर सुमारे १८.६ पट. प्रोसेसर कितीही वाढविले तरी वेग २० पटींच्या पुढे जात नाही. दुसऱ्या शब्दांत, १६ प्रोसेसर दिले असता त्यांच्या क्षमतेपैकी सुमारे ५७ टक्के कामी येते आणि २५६ दिले असता जेमतेम ७ टक्के. वापरकर्त्याला आपले काम किंचित लवकर झाल्याचे समाधान मिळते, पण त्यासाठी इतर पंधरा जणांचे १६-१६ प्रोसेसर खर्ची पडलेले असतात. अशा कामावर प्रोसेसरांची कमाल मर्यादा घालणे म्हणजे कंजूषपणा नसून सरळ हिशेब आहे.

रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी १९६६ मध्ये याहून चमत्कारिक बाब सिद्ध केली. कामे परस्परावलंबी असतील आणि ती ठरावीक यादीच्या क्रमाने मोकळ्या प्रोसेसरकडे सोपविली जात असतील, तर प्रोसेसर वाढविल्यामुळे, कामांचा वेळ कमी केल्यामुळे किंवा कामांवरील पूर्वअटी शिथिल केल्यामुळेही एकूण वेळ वाढू शकतो. हा दोष अमर्याद नसतो. सर्व कामांची यादीनुसार केलेली मांडणी सर्वोत्तम मांडणीच्या दुपटीपेक्षा अधिक वेळ कधीही घेत नाही, हेही त्यांनीच दाखविले. तरीही साधने वाढविली की सुधारणा होणारच, या गृहीतकाला त्यामुळे तडा गेला.

तिसरा मुद्दा रांगेचा. महासंगणकाच्या वार्षिक अहवालात ‘वापराचे प्रमाण’ हा आकडा अभिमानाने मिरविला जातो. रांगेच्या गणिताच्या सर्वांत साध्या प्रारूपात, म्हणजे एक सेवक, यदृच्छया येणारी कामे आणि यदृच्छ कार्यकाळ असे धरले, तर यंत्र ८० टक्के व्यस्त असताना कामाला प्रतीक्षेसह सरासरी पाचपट वेळ लागतो. ९० टक्क्यांवर तो दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट होतो. प्रत्यक्षातील समूह इतका साधा नसला तरी कल हाच राहतो. यंत्र सदैव भरलेले असणे हे मालकाच्या दृष्टीने यश असले, तरी रांगेतील माणसाच्या दृष्टीने ते विलंबाचे कारण असते. कार्यक्षमता कोणाची मोजावयाची, हा प्रश्न येथेच उभा राहतो आणि तो निव्वळ तांत्रिक राहत नाही.

रांगेतील रिकाम्या जागा भरण्याचा एक मार्ग १९९५ मध्ये अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी रूढ केला. रांगेतील पहिल्या मोठ्या कामाला पुढील वेळ राखून द्यावयाची आणि त्याला विलंब होणार नाही अशी लहान कामे दरम्यान पुढे काढावयाची, अशी ही पद्धत. मालगाडीला वाट मिळेपर्यंत मधल्या वेळात लहान गाडी पुढच्या स्थानकापर्यंत काढून घ्यावी, तसे हे आहे. ही पद्धत वापरकर्त्याने सांगितलेल्या मुदतीवर अवलंबून असते आणि काम मध्येच मारले जाईल या भीतीने वापरकर्ते मुदत फुगवून सांगतात. मुआलेम व फाइटेलसन यांच्या २००१ मधील अभ्यासानुसार अशा फुगविलेल्या मुदतींमुळे सरासरी कामगिरी बिघडतेच असे नाही. तथापि सरासरी सुरक्षित राहिली म्हणून आपले काम केव्हा सुरू होईल हे वापरकर्त्याला कळते, असा त्याचा अर्थ होत नाही. कठोर मुदत-मर्यादा वापरकर्त्याला अचूक बोलण्यास प्रवृत्त न करता सावधपणे खोटे बोलण्यास प्रवृत्त करते, ही या मर्यादेवरील रास्त टीका होय.

४. न्यायाचा युक्तिवाद

सिडनी विद्यापीठातील जुडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये ‘न्याय्य वाटा’ या तत्त्वावरील शेड्यूलरची मांडणी केली. त्यापूर्वीच्या प्रणालीत प्रोसेसरचा वेळ प्रक्रियांमध्ये वाटला जात असे. परिणामी, जो अधिक प्रक्रिया सुरू करील त्याला अधिक वाटा मिळे. के आणि लॉडर यांनी वाटपाचे एकक बदलले. वाटा प्रक्रियेचा नव्हे तर व्यक्तीचा मानला आणि ज्याने अलीकडे अधिक वापर केला त्याचा प्राधान्यक्रम खाली आणला. जुना वापर कालांतराने हिशेबातून विरत जातो. आजच्या बहुतेक शेड्यूलरांतील न्याय्य वाट्याची कल्पना याच वळणाची आहे.

वाटपाचे एकक कोणते, हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत याच प्रश्नावर आधारलेली होती. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटले तर ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला पाणी अधिक, हे ओघानेच येते. पाणी पंचायतीने एकक बदलले. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकर इतक्या क्षेत्राला पाणी, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क आणि उसासारख्या अतिपाण्याच्या पिकास मनाई, ही तिची प्रमुख तत्त्वे होती. शेड्यूलरच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे तीन मर्यादा एकत्र आल्या : व्यक्तीनुसार वाटा, गटानुसार कमाल मर्यादा आणि कामाच्या प्रकारावर निर्बंध. मात्र त्या कोणा प्रशासकाने परस्पर ठरविलेल्या नव्हत्या, लाभधारकांनी स्वीकारलेल्या होत्या. त्यांचे बळ येथेच होते.

दुसरा प्रश्न काय मोजावयाचे याचा. प्रोसेसरांचा हिशेब ठेवला आणि मेमरीचा ठेवला नाही, तर अन्याय मोजमापाच्या आडून होतो. समजा, एका समूहात २४ प्रोसेसर व ६४ गिगाबाइट मेमरी आहे. जनुकक्रमाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला १ प्रोसेसर व ८ गिगाबाइट लागतात. द्रवगतिकीच्या प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला ३ प्रोसेसर व २ गिगाबाइट लागतात. दोघांना सर्व साधने निम्मी-निम्मी, म्हणजे १२ प्रोसेसर व ३२ गिगाबाइट, वाटून दिली तर प्रत्येकाची ४ कामे चालतील. पहिल्याचे ८ प्रोसेसर आणि दुसऱ्याची २४ गिगाबाइट मेमरी पडून राहील. उलट, ज्याला जे साधन मुख्यतः लागते त्यातील त्याचा हिस्सा दोघांसाठी समान ठेवला, तर प्रत्येकाची ६ कामे चालतात, प्रोसेसर पूर्ण वापरले जातात आणि मेमरीपैकी ६० गिगाबाइट कामी येते. पहिल्याला मेमरीचा आणि दुसऱ्याला प्रोसेसरचा पाऊण हिस्सा मिळतो. अली घोडसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या ‘प्रधान साधनाच्या समतेचे’ हेच मर्म आहे. बरोबरीच्या वाट्याने दोघांचेही नुकसान होऊ शकते आणि गरजेच्या स्वरूपाकडे पाहिल्यास दोघांचाही लाभ होऊ शकतो, हे या उदाहरणातून दिसून येते.

पाणीवाटपाशी केलेली ही तुलना एका ठिकाणी मात्र मोडते आणि ती कोठे मोडते हे पाहणे बोधप्रद आहे. आज न वापरलेले पाणी काही अंशी तरी धरणात शिल्लक राहते. आज न वापरलेला प्रोसेसरचा तास कायमचा जातो. म्हणून पाण्यावरील कठोर कमाल मर्यादा भविष्याची तरतूद ठरते, तर प्रोसेसरवरील कठोर मर्यादा यंत्र रिकामे असतानाही लागू राहिल्यास निव्वळ नासाडी ठरते. यावर उपाय उपलब्ध आहे. यंत्र रिकामे असताना वापरकर्त्याला वाट्याबाहेर जाऊ द्यावे आणि हक्काचा दावेदार येताच ते काम थांबवून जागा मोकळी करावी. काँडोरचा जन्मच या कल्पनेतून झाला. कार्यालयातील रिकामे संगणक शोधून त्यांवर काम चालवावयाचे आणि मालक परत येताच ते आवरते घ्यावयाचे, ही तिची मूळ रीत. त्यासाठी काम मध्येच थांबून पुन्हा तेथूनच सुरू होईल अशी व्यवस्था करावी लागते. ती नसेल तर थांबविलेल्या कामाचे सर्व कष्ट वाया जातात.

५. महाराष्ट्रातील अनुभव

भारतातील महासंगणनाचा प्रारंभच मर्यादांच्या छायेत झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी/१४ हा महासंगणक हवामानकामासाठी मिळाला, तो वापरावरील अटींसह. कोणते काम चालावे आणि कोणते चालू नये हे येथे दुसऱ्या राष्ट्राने ठरविले होते. प्रगत महासंगणकांच्या निर्यातीवरील अशा निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० साकारला. कामाच्या प्रकारावरील मर्यादा ही किती राजकीय बाब असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढे २००० च्या दशकात सी-डॅकने ‘गरुड’ ही राष्ट्रीय ग्रिड उभारली. तिच्या प्रारंभिक टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडण्यात आल्या. अशा ग्रिडमध्ये दोन पातळ्यांवर वाटप होते. वरचा शेड्यूलर काम कोणत्या संस्थेकडे धाडावे हे ठरवितो आणि प्रत्येक संस्थेचा स्थानिक शेड्यूलर ते केव्हा चालवावे हे ठरवितो. स्थानिक संस्था आपली यंत्रे प्रथम आपल्या माणसांसाठी राखून ठेवणार, हे स्वाभाविक होय. वरच्या शेड्यूलरला खालच्या रांगेची आणि तेथील मर्यादांची पूर्ण कल्पना नसेल, तर काम अशा ठिकाणी जाऊन पडते जेथे त्याची पाळी येणे दुरापास्त असते. राष्ट्रीय साधन सर्वांसाठी खुले आहे असे कागदावर म्हणता येते, पण स्थानिक मर्यादा हेच त्याचे खरे प्रवेशद्वार ठरते. ग्रिड-संगणनाच्या कल्पनेतील हा अंतर्विरोध तांत्रिक कमी आणि संस्थात्मक अधिक होता.

याउलट, काही कामांसाठी कठोर राखीव जागा आवश्यकच असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ कार्यान्वित झाला. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर विभेदनाची भारत अंदाज प्रणाली जाहीर झाली. पूर्वीच्या प्रणालीचे विभेदन १२ किलोमीटर होते. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी अंतर निम्मे झाले की तेवढ्याच प्रदेशासाठी चौपट चौकटींचे गणित करावे लागते. काळाचे टप्पेही लहान घ्यावे लागल्यास भार त्याहून वाढतो. अंदाजाचे मूल्य मात्र मुदतीवर अवलंबून असते. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग नाही. करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पेरणीचा निर्णय दोन-चार दिवसांच्या फरकाने घडतो वा बिघडतो. अशा कामाने रांगेत उभे राहून ‘न्याय्य वाट्याची’ वाट पाहावी, अशी अपेक्षा करणे हा न्यायाचा विपर्यास होईल. येथे संशोधकांच्या कामांवरील मर्यादा समर्थनीय ठरते, कारण तिचा हेतू उघड आणि सर्वांना पटणारा आहे.

पुण्याच्याच आयुका या संस्थेतील ‘सारथी’ हा संगणक-समूह तिसऱ्या प्रकारचे उदाहरण पुरवितो. गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी तो वापरला जातो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास २०२३ मध्ये केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली, त्यामुळे या क्षेत्रातील संगणनाला मराठवाड्याचाही संदर्भ लाभला आहे. या शाखेतील विश्लेषणात परस्परांशी संबंध नसलेली असंख्य लहान कामे असतात. तेथे एका कामाला किती प्रोसेसर द्यावेत यापेक्षा एकाच वेळी किती कामे माहितीच्या साठ्यावर तुटून पडावीत हा प्रश्न अधिक कळीचा असतो. एकच मर्यादा-नियम सर्व विद्याशाखांना लावता येणार नाही, हे हवामान आणि खगोलशास्त्र यांच्या या तुलनेवरून स्पष्ट होते.

६. प्रचलित व्यवहारावरील आक्षेप

वरील विवेचनाच्या आधारे प्रचलित मर्यादांवर चार आक्षेप नोंदविता येतात.

पहिला आक्षेप तटस्थतेच्या आभासाचा. शेड्यूलरच्या संचिकेतील एखादा आकडा हा धोरणात्मक निर्णय असतो, पण तो प्रणाली-प्रशासकाच्या अखत्यारीतील तांत्रिक बाब म्हणून ठरतो. सॉफ्टवेअरबरोबर आलेला मूळ आकडा कोणी बदलला नाही म्हणून तोच धोरण होऊन बसतो. ज्या निर्णयावर चर्चा झालेली नाही त्याला तटस्थ म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप एककाचा. वाटा प्रत्येक खात्याला दिला तर वीस संशोधक-विद्यार्थी असलेल्या विभागाला वीस वाटे मिळतात आणि ग्रामीण महाविद्यालयातील एकट्या प्राध्यापकाला एक. वाटा प्रत्येक संस्थेला दिला तर मोठ्या विभागातील विद्यार्थ्यांना कण्या आणि एकट्याला पोटभर. दोन्ही टोके असमाधानकारक आहेत. स्लर्मसारख्या प्रणालीत संस्था, विभाग व व्यक्ती अशी उतरंड मांडता येते. साधन उपलब्ध आहे, उतरंडीतील प्रमाण कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही.

तिसरा आक्षेप उपासमारीचा. एकेरी मार्गावर प्रत्येक वेळी जलद गाडीलाच वाट दिली तर पॅसेंजर गाडी बाजूच्या रुळावर उभी राहते. प्राधान्यक्रमाने चालणाऱ्या रांगेतही कमी प्राधान्याचे काम अनिश्चित काळ खोळंबू शकते. प्रतीक्षेच्या काळाबरोबर प्राधान्य वाढवीत नेणे हा त्यावरील जुना उपाय आहे. तो योजला जातो, पण त्याचे वजन अनेकदा इतके कमी ठेवले जाते की तो नाममात्र उरतो.

चौथा आक्षेप भाषेचा. काम का थांबले आहे याचे कारण शेड्यूलर दाखवितो, परंतु ते प्रशासकाच्या सांकेतिक भाषेत. ‘आपल्या गटाची मर्यादा संपली’ आणि ‘आपली पाळी अद्याप आलेली नाही’ या दोन कारणांतील फरक नवख्या वापरकर्त्याला कळत नाही. पहिल्या स्थितीत त्याने गटातील सहकाऱ्यांशी बोलावयास हवे, दुसऱ्या स्थितीत केवळ थांबावयास हवे. कारण कळले तर मर्यादा सुसह्य होते, न कळले तर ती मनमानी वाटते. स्थानकात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आहे हे ठाऊक असलेला प्रवासी चहा पितो, ठाऊक नसलेला संतापतो.

या आक्षेपांवर एक उत्तर संभवते. साधने पुरेशी वाढविली तर मर्यादांचा प्रश्नच उरणार नाही, असे ते उत्तर. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाने साधने निश्चितच वाढविली आणि ती अनेक संस्थांपर्यंत नेली. तथापि विभेदन १२ वरून ६ किलोमीटर होताच मागणी कशी उसळते, हे वर पाहिले आहे. साधनांबरोबर आकांक्षा वाढतात. दुहेरी झालेल्या मार्गावर गाड्याही वाढतात आणि वाटपाचा प्रश्न नव्या पातळीवर पुन्हा उभा राहतो.

७. महाविद्यालयांच्या संदर्भात

हा प्रश्न मोठ्या संस्थांपुरता आहे असे मानणे योग्य होणार नाही. तालुक्याच्या वा गावपातळीवरील महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा हीदेखील वितरित संगणनाचे लहानसे क्षेत्र होऊ शकते. तासिका संपल्यानंतर वीस-पंचवीस संगणक मोकळे असतात. त्यांवर काँडोर वा बोइंकसारखी मुक्त प्रणाली बसवून सांख्यिकी, रसायनशास्त्र किंवा भूगोल या विभागांची गणनकामे चालविता येतात. तेथे मर्यादा प्रोसेसरच्या नसून उष्णतेच्या, वीजबिलाच्या आणि भारनियमनाच्या असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात सर्व प्रोसेसर पूर्ण क्षमतेने रात्रभर चालविण्यापेक्षा निम्मेच चालविणे शहाणपणाचे ठरते. विद्यार्थी संगणकाशी बसताच पार्श्वभूमीवरील काम थांबावे, ही अटही तितकीच आवश्यक आहे, कारण प्रयोगशाळेचा पहिला हक्कदार विद्यार्थी आहे.

अशा लहान प्रयोगाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या गणनक्षमतेपेक्षा मोठे आहे. कोणत्या विभागाला किती वाटा, परीक्षेच्या काळात कोणाची कामे थांबवावयाची, एका प्राध्यापकाच्या कामाने आठवडाभर सर्व संगणक अडविले तर काय करावयाचे, या प्रश्नांवर निरनिराळ्या विद्याशाखांच्या अध्यापकांनी एकत्र बसून निर्णय घेणे, हाच मर्यादांचा खरा अभ्यास होय. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला दुर्मीळ साधनांच्या वाटपाचा विचार परिचित असतो, राज्यशास्त्राच्या अध्यापकाला प्रतिनिधित्वाचा आणि गणिताच्या अध्यापकाला रांगेचा. संगणकशास्त्राच्या अध्यापकाने त्यांना आकडा विचारण्याऐवजी तत्त्व विचारावे.

८. निष्कर्ष

१. शेड्यूलरमधील मर्यादा दोन वेगळ्या हेतूंनी घातल्या जातात : यंत्राची कार्यक्षमता आणि वापरकर्त्यांमधील न्याय. कोणती मर्यादा कोणत्या हेतूने आहे हे लिखित स्वरूपात नमूद केल्याखेरीज तिचे मूल्यमापन शक्य नाही.

२. काम चालविण्याची मर्यादा आणि काम स्वीकारण्याची मर्यादा परस्परांशी जुळलेल्या असाव्यात. एकीने दुसरीची दखल न घेतल्यास साचलेली कामे व उलटलेल्या मुदती हा अटळ परिणाम होय.

३. प्रोसेसरचा वेळ साठविता येत नाही. म्हणून यंत्र रिकामे असताना मर्यादा लवचीक आणि रांग असताना कठोर असावी. त्यासाठी थांबविलेले काम पुन्हा तेथूनच सुरू होण्याची सोय अनिवार्य आहे.

४. हवामान-अंदाजासारख्या मुदतबद्ध लोकोपयोगी कामांना राखीव जागा देणे हा न्याय्य वाट्याचा अपवाद नसून त्याचाच विस्तार आहे.

५. वाटपाचे एकक आणि मोजमापाचे साधन यांची निवड हा धोरणात्मक निर्णय होय. पाणी पंचायतीच्या अनुभवाप्रमाणे तो वापरकर्त्यांच्या सहभागाने व्हावा.

मर्यादा टाळता येत नाहीत, त्यांची कारणे मात्र उघड करता येतात. केमच्या स्थानकात बाजूच्या रुळावर थांबलेल्या गाडीतील प्रवासी विलंब सहन करीत असे, कारण समोरून दुसरी गाडी येत आहे आणि ती गेल्यावर आपली पाळी आहे, हे त्याला ठाऊक असे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक वापरकर्त्याला शेड्यूलरकडून तेवढी खात्री मिळावी, इतकीच अपेक्षा या चिकित्सेच्या मुळाशी आहे.